सॉफ्टवेअर बंद केले, पण हिशेब कोठे राहिला?

दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवणारे व्यापारी व कारागीर आता पांढरकवड्यासारख्या गावीही आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर परवान्याचे पैसे न भरता वापरता येते. तंत्रज्ञ ते बऱ्याचदा ‘डॉकर’ या साधनातून बसवून देतात. अशा व्यापारी बंधूंनी एक गोष्ट समजून घ्यावी.

डॉकरमध्ये सॉफ्टवेअर ‘कंटेनर’मध्ये चालते, पण खरेदी-विक्री, उधारी व साठ्याच्या नोंदी ‘व्हॉल्यूम’ नावाच्या वेगळ्या जागेत राहतात. कंटेनर म्हणजे दुकान, तर व्हॉल्यूम म्हणजे गोदाम. दुकान बंद केले तरी गोदामातील माल हलत नाही. तसेच कंटेनर थांबवला किंवा काढून टाकला तरी नाव दिलेले व्हॉल्यूम डिस्कवर राहतेच.

याचा फायदा असा की, नवी आवृत्ती बसवताना जुना हिशेब शाबूत राहतो. तोटे दोन. चाचणीसाठी बनवलेली व्हॉल्यूम साचून डिस्क भरते. आणि संगणक विकला तर गिऱ्हाइकांची नावे व उधारी परक्याच्या हाती जाते.

म्हणून सफाई जरूर करावी, पण क्रमाने:

१. ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ ही आज्ञा देऊन किती जागा अडली ते पाहावे.

२. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ने यादी काढून कोणते व्हॉल्यूम कशाचे, हे तंत्रज्ञाकडून लिहून घ्यावे. ईआरपीनेक्स्टच्या नेहमीच्या मांडणीत हिशेब ‘डीबी-डेटा’त, तर फाइली ‘साइट्स’मध्ये असतात.

३. बॅकअप घेऊन तो दुसऱ्या डिस्कवर उतरवावा. ईआरपीनेक्स्टचा बॅकअप ‘साइट्स’मध्येच पडतो. ते व्हॉल्यूम पुसले की बॅकअपही गेला.

४. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. मगच नको ते व्हॉल्यूम नाव घेऊन काढावे.

‘डॉकर कंपोज डाउन’ या आज्ञेने व्हॉल्यूम राहतात. तिच्यापुढे ‘व्ही’ जोडला की तीही पुसली जातात. २०२३ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून ‘व्हॉल्यूम प्रून’ ही आज्ञा केवळ बिननावाची, वापरात नसलेली व्हॉल्यूम काढते. ‘ऑल’ जोडल्यास वापरात नसलेली नावाचीही जातात. पुसलेले परत आणण्याची सोय डॉकरमध्ये नाही.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. तेव्हा जागा मोकळी करण्याच्या घाईत चालू वा जुन्या वर्षाचा हिशेब जाऊ देऊ नये. तंत्रज्ञ ‘सगळे साफ करतो’ म्हणाला, तर आधी यादी मागावी.