डिरेक्टरीतलं नागपूर

नागपूर हे कार्यालयांचं शहर आहे. भारतीय खाण ब्युरो, वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल आणि नीरी यांची मुख्यालयं इथं आहेत. १९२३ साली स्थापन झालेलं विद्यापीठ इथं आहे, दक्षिण अंबाझरी रोडवर व्हीएनआयटी आहे. अशा मोठ्या आस्थापनांत माणसांची यादी सांभाळण्याचं काम आज सहसा 'डिरेक्टरी सेवा' या प्रकारच्या सॉफ्टवेअरकडे असतं. नाव, हुद्दा, विभाग, फोन, पत्ता आणि सोबत पासवर्डची पडताळणी. ईमेल लिहिताना दोन अक्षरं टंकली आणि सहकाऱ्याचं पूर्ण नाव समोर आलं, की समजावं, पाठीमागे ही यादी चाळली गेली.

संपादकांनी या यंत्रणेवर लिहायला सांगितलं, तेव्हा पासवर्ड आणि सुरक्षेबद्दल लिहावं असं मनात होतं. वाचत गेले तशी एका लहानशा कामापाशी थांबले: साठवलेली नोंद बाहेर काढून माणसाला वाचता येईल अशा मजकुरात मांडणं. हे काम करणारी काही जुनी फंक्शन्स आहेत. त्यांच्या रचनेत जी समज आहे, ती नागपूरसारख्या दोन भाषांच्या शहराला आजही उपयोगाची आहे.

इतिहास थोडक्यात असा. १९८८ साली 'एक्स.५००' हे डिरेक्टरीचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. ते सर्वसमावेशक होतं, पण साध्या संगणकाला न पेलणारं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टिम हाऊज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी वाट काढली. तीच 'एलडॅप'. तिचा पहिला प्रमाणित मसुदा जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि डिसेंबर १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीने मजकुरासाठी 'यूटीएफ-८' ही पद्धत स्वीकारली. म्हणजे त्या दिवसापासून देवनागरी नावाला डिरेक्टरीत कायदेशीर जागा मिळाली.

मिशिगनच्या एलडॅप सॉफ्टवेअरच्या संचात 'एलडॅप एन्ट्री टू टेक्स्ट' नावाचं फंक्शन होतं, आणि जोडीला 'एलडॅप एन्ट्री टू एचटीएमएल'. डिरेक्टरीतली नोंद म्हणजे गुणधर्म आणि त्यांची मूल्यं. गुणधर्मांची नावं आखूड आणि रुक्ष: 'सीएन' म्हणजे प्रचलित नाव, 'एसएन' म्हणजे आडनाव, 'एल' म्हणजे गाव. कोणता गुणधर्म आधी येईल, याची हमी नसते. पत्ता एकाच ओळीत असतो, आणि त्यातल्या ओळी डॉलरच्या चिन्हाने वेगळ्या केलेल्या असतात: दक्षिण अंबाझरी रोड, डॉलर, नागपूर, डॉलर, ४४००१०. यंत्राला एवढं पुरतं, पण फोन नंबर शोधणाऱ्या माणसासमोर ते तसंच ठेवता येत नाही.

इथे त्या कारागिरांनी एक निर्णय घेतला, आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. नोंद कशी दिसावी, हे त्यांनी फंक्शनमध्ये लिहिलंच नाही. ते एका वेगळ्या साच्याच्या फाइलीत ठेवलं. नोंद माणसाची असेल तर हा साचा, गटाची असेल तर तो; या ओळीचं शीर्षक अमुक, तिच्यात तमुक गुणधर्म; हा गुणधर्म पत्ता आहे म्हणून डॉलर दिसला की नवी ओळ; हा रिकामा असेल तर ओळ दाखवूच नका. नोंदीचा प्रकार पाहून साचा निवडला जातो आणि फंक्शन त्याप्रमाणे मजकूर रचतं. लिहिलेला मजकूर कुठे पाठवायचा, पडद्यावर, फाइलीत की जाळ्यावर, तेही ते स्वतः ठरवत नाही. बोलावणारा प्रोग्राम लिहिण्याचं साधन त्याच्या हाती देतो, ओळ कोणत्या चिन्हाने संपवायची तेही सांगतो. कार्यालयाला 'हुद्दा' हे शीर्षक बदलून 'पदनाम' करायचं असेल, तर प्रोग्रामरला बोलावण्याची गरज नाही. फाइलीतली एक ओळ बदलली की झालं. मांडणीचा अधिकार यादी वापरणाऱ्यांकडे राहतो.

'ओपनएलडॅप' या आजच्या एलडॅप सॉफ्टवेअरमध्ये ही फंक्शन्स नाहीत. त्यांचं काम वेबपानांनी आणि ईमेलच्या प्रोग्रामांनी वाटून घेतलं आहे. व्यवस्थापकाच्या हाती उरलं आहे ते 'एलडॅपसर्च' हे साधन. ते नोंदी 'एलडीआयएफ' या स्वरूपात छापतं. गॉर्डन गुड यांनी लिहिलेले त्याचे नियम जून २००० मध्ये प्रसिद्ध झाले. साधी इंग्रजी अक्षरं असतील तर मूल्य जसंच्या तसं. त्यापलीकडचं एक जरी अक्षर असेल, तर गुणधर्माच्या नावापुढे एकाऐवजी दोन अपूर्णविराम, आणि त्यांच्यानंतर 'बेस-६४' या सांकेतिक रूपातलं मूल्य. म्हणजे देवनागरीत भरलेलं प्रत्येक नाव व्यवस्थापकाला निरर्थक अक्षरांच्या माळेसारखं दिसतं.

ती माळ मी कागदावर सोडवली, आणि तिच्यात एक विलक्षण नियमितपणा सापडला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि बेस-६४ दर तीन बाइटना चार अक्षरं देतं. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला बरोबर चार अक्षरांचा एक गट. 'नागपूर' या शब्दात सहा चिन्हं आहेत: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. अठरा बाइट, चोवीस अक्षरं, सहा गट. प्रत्येक गटाची सुरुवात एकसारखी: इंग्रजी चारचा आकडा आणि 'के'. तिसरं अक्षर 'एस' किंवा 'डब्ल्यू', आणि चौथं मात्र चिन्हानुसार बदलतं. 'न'चा गट लहान 'ओ'ने संपतो, 'ग'चा 'एक्स'ने, 'र'चा लहान 'डब्ल्यू'ने. सरावाने माणूस बेस-६४ मधून थेट मराठी वाचू शकेल. मात्र नावात मध्ये एक मोकळी जागा आली, की ती एकाच बाइटची असल्याने पुढची सगळी विभागणी सरकते आणि हा नियमितपणा मोडतो. आपल्याकडे तर नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव अशा दोन मोकळ्या जागा ठरलेल्याच.

माळ उलगडली तरी पुढे अडचणी आहेतच, आणि त्या जास्त खोल आहेत.

पहिली मांडणीची. मिशिगनची फंक्शन्स शीर्षकाची रुंदी बाइटमध्ये मोजून उरलेली जागा मोकळी सोडत. शीर्षकासाठी २४ जागा ठरवल्या, तर 'दूरध्वनी' हा शब्द २४ बाइट भरतो आणि त्याच्यापुढे काहीच उरत नाही. 'नाव' मात्र ९ बाइटचा, म्हणून त्याच्यापुढे १५ मोकळ्या जागा. पडद्यावर हे दोन शब्द चार आणि दोन अक्षरांचे. त्यामुळे समोरची मूल्यं एका रेषेत येणं शक्यच नाही. ही चूक जुनी आहे, पण बाइटना अक्षर समजण्याची सवय प्रोग्रामरांमध्ये अजून टिकून आहे.

दुसरी अडचण नागपूरच्या नावातच आहे. मराठीत दीर्घ उकार, हिंदीत ऱ्हस्व. लिपी एकच, शहर एकच, आणि या शहरातली केंद्रीय कार्यालयं दोन्ही भाषांत पाट्या लावतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी गावं आहेत: एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. यावर उपाय १९९९ पासून प्रमाणित आहे. गुणधर्माला भाषेची खूण जोडता येते: मराठी रूपाला 'लँग-एमआर', हिंदीला 'लँग-एचआय'. एकाच नोंदीत दोन्ही रूपं शेजारीशेजारी राहू शकतात. भरणाऱ्याने ती दोन्ही भरायला मात्र हवीत.

तिसरी 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे' अशा आडनावांची. यातला अर्धा 'र' दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'पासून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पण शोधताना मजकूर कसा तयार करावा याचे २००६ चे एलडॅपचे नियम ते अदृश्य चिन्ह वगळतात. मग दुसऱ्या प्रकारे टंकलेलं नाव 'कुर्हाडे' ठरतं, आणि पहिल्या प्रकारे शोधणाऱ्याला ते सापडत नाही. त्या कर्मचाऱ्याची नोंद असते, फक्त ती कोणाला भेटत नाही.

चौथी क्रमाची. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. म्हणून यंत्राच्या यादीत काळे आधी आणि काशीकर नंतर, तर मराठी माणूस शोधणार काशीकर आधी आणि काळे नंतर. पाचवी नोंदीच्या आराखड्याची: 'इनेटऑर्गपर्सन' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आराखड्यात आडनाव सक्तीचं आहे, पण वडिलांच्या किंवा पतीच्या नावाला स्वतंत्र घर नाही. जो माणूस एकाच नावाने ओळखला जातो, त्याच्यासाठीही आडनावाच्या जागी काहीतरी भरावंच लागतं.

या अडचणींचा भार डिरेक्टरीच्या व्यवस्थापकावर पडतो, आणि त्याने एकट्याने तो उचलावा अशी अपेक्षा चुकीची आहे. आडनाव कसं लिहायचं, हे ज्याचं आडनाव आहे त्यानेच सांगायला हवं. म्हणून मला वाटतं, प्रत्येक आस्थापनेने कर्मचाऱ्याला त्याची स्वतःची नोंद, वाचता येईल अशा मराठी मजकुरात, दाखवावी आणि दुरुस्तीची मुभा द्यावी. नोंद भरतानाच 'ऱ'चं एकच रूप स्वीकारावं. यादी मराठी वर्णक्रमाने लावावी. शीर्षकं मराठीत असावीत आणि ती प्रोग्रामबाहेर, बदलता येतील अशा फाइलीत असावीत. यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी नवा शोध लागत नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, भाषेची खूण १९९९ ची, आणि साचा प्रोग्रामपासून वेगळा ठेवण्याची युक्ती मिशिगनच्या त्या कारागिरांनी त्याही आधी करून दाखवली होती. आता हवा आहे तो कार्यालयाचा एक आदेश, आणि यादीतल्या प्रत्येकाने आपलं नाव एकदा नीट वाचून पाहणं.