शेवंतीला रात्र कशी कळते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मानखुर्द स्टेशनबाहेर फुलवाल्यांकडे शेवंतीचे ढीग दिसू लागतात. शेवंतीचे रोप जूनमध्येही हिरवेगार असते. मग कळ्या धरायला ते पावसाळा सरेपर्यंत का थांबते? तुम्ही म्हणाल, थंडीसाठी. पण मुंबईत ऑक्टोबरमध्ये थंडी कुठली? उलट उकाडाच असतो!

रोप वाट पाहते ती दिवस लहान होण्याची. मानखुर्द सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनअखेरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरचा सुमारे अकरा तासांचा असतो. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते, हे गार्नर व अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले. या गुणधर्माला दीप्तिकालिता म्हणतात. पुढे असे दिसले, की रोप खरे तर सलग अंधाराचे तास मोजते. म्हणूनच मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला, तरी शेवंतीची लांब रात्र 'मोडते' आणि कळ्या लांबणीवर पडतात.

आता प्रश्न असा, की अंधार मोजतो कोण? कळी तर शेंड्याला येते. मग शेंडाच मोजत असेल का?

याचे उत्तर शोधले मिखाईल चैलाख्यान (१९०२–१९९१) या सोव्हिएत शास्त्रज्ञाने. त्यांनी प्रयोगासाठी घेतली ती आपली शेवंतीच! रोपाच्या वरच्या भागाची पाने त्यांनी काढून टाकली आणि खालची तशीच ठेवली. मग दोन्ही भागांना वेगवेगळ्या लांबीचे दिवस दिले. खालच्या पानांना लहान दिवस व शेंड्याला मोठा दिवस दिला, तेव्हा फुले आली. उलट केले, म्हणजे शेंड्याला लहान दिवस व पानांना मोठा दिवस दिला, तेव्हा फुले आली नाहीत. याचा अर्थ उघड आहे. रात्र ओळखते ते पान. आणि पानाकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो. हा निरोप नेणाऱ्या द्रव्याला चैलाख्यान यांनी १९३७ च्या सुमारास 'फ्लोरिजेन' म्हणजे 'फूल घडवणारे' असे नाव दिले.

नाव मिळाले, पण द्रव्य काही हाती लागेना. त्यातच सोव्हिएत शेतीशास्त्रावर लायसेंको यांचे वर्चस्व होते आणि त्यांना हा सिद्धांत मान्य नव्हता. चैलाख्यान यांना त्याची झळ सोसावी लागली, तरी त्यांनी प्रयोग सोडले नाहीत. अखेर २००७ साली जर्मनी व जपानमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पानात तयार होणारे एक प्रथिन अन्नरस वाहणाऱ्या नलिकांतून शेंड्यापर्यंत जाते आणि तेथे फुलण्याची सुरुवात करून देते. जपानी शास्त्रज्ञांचा प्रयोग आपल्या कोकणातल्या मुख्य पिकावर, भातावर होता. सत्तर वर्षांनी चैलाख्यान यांचा तर्क खरा ठरला. पण तो पाहायला ते हयात नव्हते.

पानाला अंधार कळतो तो फायटोक्रोम या रंगद्रव्यामुळे. ते विशेषतः तांबडा, म्हणजे सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टिपते. रस्त्यावरच्या दिव्यांतही हा तांबडा भाग थोडाफार असतो. त्यामुळेच दिव्याच्या खांबाखालचे सोयाबीन कधीकधी बाकीचे शेत पिकले, तरी हिरवेच राहते. हीच गोष्ट फुलशेतीत उपयोगी पडते. हरितगृहात रात्री दिवे लावून शेवंतीच्या कळ्या थोपवता येतात आणि फुले हव्या त्या हंगामात मिळवता येतात.

मानखुर्दसारख्या उपनगरात दिव्यांना तोटा नाही, तेव्हा हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. ऑगस्टच्या सुरुवातीला एकाच जातीची, सारख्या उंचीची शेवंतीची दोन रोपे घ्या. दोन्हींना दिवसा सारखे ऊन व सारखे पाणी द्या. संध्याकाळी सात ते सकाळी सात एक कुंडी काळ्या कापडाने झाका. दुसरी रात्रभर दिव्याच्या उजेडात ठेवा. पहिली कळी कोणत्या तारखेला दिसली, ते वहीत नोंदवा.

मात्र एक शंका आधीच विचारात घ्या. कापडाखाली हवा कोंडते व ऊब वाढते. फरक पडला तो अंधारामुळे की उबेमुळे, हे कसे ठरवाल? यासाठी तिसरी कुंडी लागेल. ती कशी ठेवावी, हे वर्गात शिक्षकांशी चर्चा करून तुम्हीच ठरवा.