काळ्या जमिनीतील चुना आणि नत्रखतांचे आम्ल

नत्रयुक्त रासायनिक खतांमुळे जमीन आम्लधर्मी होते, हे विधान पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा येते की त्याच्या मर्यादेकडे सहसा लक्ष जात नाही. विदर्भ-मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत वर्षानुवर्षे युरिया घालूनही पीएच मूल्य ८ च्या आसपासच राहते. यावरून तेथे आम्ल निर्माणच होत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. आम्ल निर्माण होते. मात्र चुना खर्ची पडून ते शमते, आणि या व्यवहारात चुन्यात बद्ध असलेला कर्ब मोकळा होतो.

युरियाचे जमिनीत विघटन होऊन अमोनिया व कार्बन डायऑक्साइड हे पदार्थ तयार होतात. पुढे जीवाणू अमोनियमचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हिशेबाअंती युरियातील नत्राच्या प्रत्येक अणूमागे एक हायड्रोजन आयन शिल्लक राहतो; अमोनियम सल्फेटच्या बाबतीत दोन. पिकाने सर्व नायट्रेट शोषून घेतले, तर मुळे जवळजवळ तितकेच अल्क बाहेर टाकतात आणि युरियाचा हिशेब बहुतांशी मिटतो. नायट्रेट निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून गेले, तर आम्ल मात्र मागे राहते. युरियापुरते बोलावयाचे झाल्यास, आम्लतेचा दोष खतापेक्षा वाया गेलेल्या नत्राकडे अधिक जातो.

चुन्याचे हे रक्षणकार्य इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील दोन जुन्या प्रयोगक्षेत्रांवरून स्पष्ट होते. तेथील पार्क ग्रास या कुरणावर १८५६ पासून प्रयोग चालू आहेत. अमोनियम सल्फेट मिळालेल्या, परंतु चुना न घातलेल्या वाफ्यांत पीएच ४ च्याही खाली उतरला. ब्रॉडबॉक या गव्हाच्या शेतात १८४३ पासून अमोनियम क्षार पडत आले. पण प्रयोगापूर्वीच्या काळात शेतकऱ्यांनी तेथे भरपूर खडू पसरला असल्याने त्या जमिनीने दीर्घकाळ आम्लता जाणवू दिली नाही. अखेरीस तो साठा ओसरला आणि १९५० नंतरच्या दशकात पुन्हा खडू घालणे भाग पडले.

दख्खनच्या काळ्या जमिनीला हा चुना निसर्गानेच दिलेला आहे. नैसर्गिक स्थितीत तो मुख्यतः कार्बॉनिक आम्लाने विरघळतो व त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. तेच काम नायट्रिक आम्ल करू लागले म्हणजे शोषण तर होत नाहीच, उलट वायू बाहेर पडतो. हेक्टरी १०० किलो नत्र युरियाच्या रूपाने दिले आणि त्याचे सर्व नायट्रेट निचऱ्यात गेले, अशी टोकाची कल्पना केल्यास सुमारे ३५७ किलो कॅल्शियम कार्बोनेट खर्ची पडेल व जास्तीत जास्त १५७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटेल. युरियाच्या स्वतःच्या विघटनातून सुटणारा वायूही नेमका तितकाच, १५७ किलो. प्रत्यक्षात गळती याहून पुष्कळ कमी असते. शिवाय सुटलेल्या कर्बाचा काही भाग बायकार्बोनेटच्या रूपाने विहिरी-ओढ्यांच्या पाण्यात जातो.

नायट्रस ऑक्साइडच्या तुलनेत हे आकडे लहानच म्हणावे लागतील. दिलेल्या नत्राचा १ टक्का या वायूत जातो असा सर्वसाधारण गुणांक धरला, तर त्याच १०० किलो नत्रामागे सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापनप्रभाव होतो. कोरड्या हवामानासाठी २०१९ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ०.५ टक्का हा गुणांक सुचविला आहे. तो मानल्यास नायट्रस ऑक्साइडचा वाटा निम्मा होतो आणि चुन्यातील कर्बाकडे दुर्लक्ष करणे तितकेसे सोपे राहत नाही.

चुन्याचा साठा किती पुरेल? वरच्या १५ सेंटीमीटर थरात हेक्टरी सुमारे २,००० टन माती असते. तीत ५ टक्के चुना असेल तर तो १०० टन भरतो, आणि वरील टोकाच्या दरानेही पावणेतीनशे वर्षे टिकतो. चुना १ टक्काच असेल तर हा काळ ५६ वर्षांवर येतो. त्यातही चुनखडीचे मोठे खडे आम्लाशी फार मंद गतीने संयोग पावतात. उपयोगी पडतो तो बारीक चुना. येथे एक विरोधी बाजूही नोंदविली पाहिजे. विरघळलेले कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला हटविते आणि चोपण होऊ लागलेल्या जमिनीचा निचरा सुधारते. चुन्याचा प्रत्येक ऱ्हास हानिकारकच असतो असे नाही.

अडचण मोजमापाची आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत पीएच व सेंद्रिय कर्ब आहेत. मुक्त चुना नाही. सेंद्रिय कर्बासाठी रूढ असलेल्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत चुन्यातील कर्ब मोजलाच जात नाही, आणि चुना शिल्लक असेतो पीएच हलत नाही. बाहेर पडणाऱ्या वायूचा उगम कर्बाच्या समस्थानिकांवरून ओळखता येतो. तथापि तेथेही पिकाची निवड महत्त्वाची ठरते. कापूस किंवा तुरीच्या मुळांच्या श्वसनातून निघणारा कर्ब चुन्यातील कर्बाहून समस्थानिकदृष्ट्या बराच वेगळा असतो. ज्वारीच्या बाबतीत हे अंतर बरेच कमी होते, त्यामुळे चुन्याचा वाटा अलग करण्याचे काम कापसाच्या शेतात अधिक खात्रीने होऊ शकते.