ती आणि मी एकच

लेकीचं लग्न ठरलं आणि आमच्या घरात याद्यांचा सुळसुळाट झाला. हॉलची यादी, आचाऱ्याची यादी, आहेराची यादी, कुणाला फोनवर सांगायचं आणि कुणाकडे अक्षत घेऊन जायचं याची यादी. जावई धारवाडचे, कानडी. मुलगी आणि तो बंगळूरला एकाच कंपनीत. आमच्याकडे शहापुरात अर्धी गल्ली घरात कानडी आणि दारात मराठी, नाहीतर उलटं, तेव्हा भाषेवरून कुणी नाक मुरडलं नाही. यादीत नसलेला प्रश्न एका रात्री लेकीनेच काढला.

"आई, आडनावाचं काय करू?"

"त्यात काय करायचंय? लग्न झालं की बदलतंच," मी म्हटलं. वाटाण्याच्या शेंगा सोलत होते, मान वर केली नाही.

"तू ठरवलं होतंस का?"

एवढंच विचारलं तिने. मी "चहा टाकते" म्हणून आत गेले. रात्री साडेदहाला.

माझं लग्न १९८४ सालचं. माहेरचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. सासरचं जुन्या वतनाच्या हुद्द्यावरून आलेलं. गृहप्रवेश झाला, लक्ष्मीपूजन झालं, तांदळाचं ताट पुढे आलं. यांनी अंगठीने तांदळावर नाव लिहिलं आणि पेढे वाटले गेले. जमलेल्या सगळ्यांबरोबर मलाही तेव्हाच कळलं की आजपासून माझं नाव काय. कारण साधं होतं. थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं नाव एकच होतं, आणि एका घरात एका नावाच्या दोघी नकोत असं सासूबाईंना वाटलं. त्या वाईट नव्हत्या. नवं नावही गोड होतं. मला राग आला नाही, रडूही आलं नाही, आणि हेच आता आठवलं की चमत्कारिक वाटतं.

तर मैत्रिणींनो, आपण नेहमी आडनावाबद्दल बोलतो, पण आपल्या मराठी पद्धतीत एका दिवसात खरं म्हणजे तीन गोष्टी जायच्या. पहिलं नाव तांदळात गेलं. मधलं वडिलांचं नाव जाऊन तिथे नवऱ्याचं आलं. शेवटचं आडनाव. मधल्याबद्दल तर कुणी चर्चासुद्धा करत नाही. गंमत बघा, ज्यांचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, त्यांचंच नाव प्रत्येक अर्जात आपल्या नावाच्या मधोमध लिहायचं! पहिलं नाव बदलण्याची रीत आता बरीच मागे पडली आहे. दुसरं आणि तिसरं मात्र अजून सवयीने बदलतं.

१९८६ साली शाळेत नोकरी लागली तेव्हा दाखला एका नावाचा आणि मी दुसऱ्या नावाची. हेडक्लार्क भले गृहस्थ. "लग्नाची पत्रिका असेल तर आणा बाई," म्हणाले आणि पत्रिकेवर काम निभावलं. ते दिवस तसे होते. एस.एस.एल.सी.चं मार्कशीट आणि शिक्षिका होण्यासाठी केलेला टी.सी.एच. कोर्स माहेरच्या नावावर राहिला, पगार सासरच्या नावावर सुरू झाला, आणि मी दोघींना घेऊन तेहतीस वर्षं सुखाने जगले.

२०१८ साली वडील गेले. गावाकडे थोडी जमीन आहे, फार नव्हे. भावाने स्वतः होऊन सांगितलं की वारसा नोंदीत बहिणींची नावं लावायची. कायदा आहे म्हणून नव्हे, असं तो म्हणाला. पण कायदा आहे हे त्यालाही माहीत होतं. वंशवृक्ष काढला. त्यात वडिलांची मुलगी म्हणून माझं माहेरचं नाव. आधार कार्डावर दुसरंच नाव, दुसरेच मधले, दुसरंच आडनाव. कचेरीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "ह्या बाई कोण?"

"मीच."

"आणि ह्या?"

"त्याही मीच."

"पुरावा?"

त्याचंही चुकलं नाही. तीनपैकी एकही शब्द जुळत नव्हता. चार हेलपाटे झाले. शेवटी नोटरीकडे जाऊन स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. त्यात लिहिलेलं असतं की अमुक नावाची स्त्री आणि तमुक नावाची स्त्री या दोन वेगळ्या व्यक्ती नसून एकच आहेत. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी शपथेवर सांगितलं की ती आणि मी एकच. सही करताना हात थबकला. सही कुठल्या नावाने करायची? नोटरी म्हणाले, "आताच्या." आता उताऱ्यावर माझी दोन्ही नावं आहेत, मध्ये 'उर्फ' घालून. आई होती तोवर मला जुन्या नावाने हाक मारायची. धाकटा भाऊ अक्का म्हणतो. त्यामुळे ते नाव आता उच्चारात कुठेच नाही, फक्त उताऱ्यावर आहे.

हे सगळं लेकीला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मग मी का बदलू?" मी म्हटलं, घाई करू नकोस, आधी धारवाडला विचार. मनातून मला भीती होती. भाषा वेगळी, घर वेगळं, त्यात मुलगी पहिल्याच दिवशी "तुमचं आडनाव नको" म्हणाली असं त्यांना वाटलं तर?

होणाऱ्या जावयांचं आडनाव इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. एवढंच सांगते की ते भाजीबाजारातलं आहे. धारवाड-हुबळीकडे हे नवं नाही. मेणसिनकाई म्हणजे मिरची, उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, आणि ही आडनावं लावणारी मोठमोठी घराणी आहेत. आमच्या गल्लीतल्या बायकांनी चेष्टा करून घेतलीच. मी म्हटलं, आपल्यात काय दूधभाते आणि पोळ कमी आहेत?

धारवाडला गेलो. गिरमिट आणि मिरची भजी खाऊन झाली, चहा आला, आणि मी विषय आडवळणाने काढायच्या बेतात होते तेवढ्यात लेकीने सरळच विचारलं. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, "ननग अड्डहेसर इरलेइल्ल री." मला आडनावच नव्हतं!

त्या मूळच्या म्हैसूरकडच्या. तिकडे आधी गावाचं अक्षर, मग वडिलांचं अक्षर आणि मग नाव, असा प्रकार खूप आहे. आडनाव असा रकानाच नाही. लग्न होऊन धारवाडला आल्या, बँकेत लागल्या, तेव्हा फॉर्मवर आडनावाची जागा रिकामी दिसली म्हणून नवऱ्याचं लिहिलं. त्यांच्या लेखी काही गेलं नव्हतं, एक रकाना भरला होता. वडिलांचं अक्षर मात्र गेलं, ते त्यांना लागलं होतं. "अप्पाजींचं अक्षर मी सही करताना पुष्कळ दिवस घालत होते. मग मॅनेजर ओरडले," म्हणाल्या. आडनाव आणि अड्डहेसरु, शब्द शेजारी ठेवले तर बहिणी वाटतात, पण दोन्ही शब्दांमागची घरं किती वेगळी असतात ते मला त्या दिवशी कळलं. व्याही मात्र जरा गप्प झाले. मुलाचं नाव पुढे चालायला हवं, एवढंच बोलले. त्यावर मुलगा म्हणाला, "माझं चालू आहेच की अप्पा."

परतताना गाडीत आमचे 'हे' खुशीत होते. मुलगी नाव बदलणार नाही, शाब्बास, वगैरे. मी म्हटलं, "म्हणजे तुमचं आडनाव टिकतंय म्हणून?" कित्तूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. चेष्टेत म्हटलं होतं, पण खरंच आहे. लेक जे आडनाव राखायला निघाली आहे, ते मला न विचारता लावलेलं आडनाव आहे. माहेरचं आडनाव म्हणजे तरी कुणाचं? बापाचं. माझंही तसंच होतं. आईचं नाव त्यात कुठेच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम राहील. चंदगडात जन्मलेल्या बाळाला ते लागू, इथल्या बाळाला नाही.

आपल्याच भागातल्या दोन मोठ्या बायकांची नावं या दिवसांत सारखी डोक्यात येत होती. इंदिरा संत, माहेरच्या दीक्षित. नारायण संतांबरोबर १९४० साली त्यांचा 'सहवास' हा संग्रह निघाला. १९४६ साली ते गेले, आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं, २००० पर्यंत, त्या त्याच आडनावाने लिहीत राहिल्या. ते आडनाव त्यांचं नव्हतं असं म्हणायची कुणाची टाप आहे? आणि दुसऱ्या गंगूबाई हनगल. नवरा गुरुराव कौलगी, वकील. पण गाणं हनगल याच नावाने, गावाच्या नावाने. मुलगी कृष्णा आईच्या मागे गायला बसायची, तीही हनगलच. यामागे निव्वळ आधुनिकपणा होता असं मी म्हणणार नाही. तेव्हाच्या समाजाने त्यांच्या घराण्याला जे सोसायला लावलं, त्याचाही तो भाग होता. तरी नाव मोठं झालं ते त्यांचंच.

आमच्या ओळखीतही सगळे नमुने आहेत. एक सहशिक्षिका दोन्ही आडनावं लावते. ऑनलाइन फॉर्म भरताना तिचे चौकोन संपतात. एका डॉक्टर मैत्रिणीने नाव बदललं नाही, कारण वैद्यक परिषदेची नोंदणी लग्नाआधीच झाली होती. आणि माझ्या नात्यातल्या एका मुलीने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात आनंदाने आडनाव बदललं. तिचा बाप दोघींना टाकून गेला होता. "हे ओझं एकदाचं उतरलं," असं ती मला म्हणाली. तिला "तू स्वत्व सोडलंस" असं शिकवायला जाणाऱ्या बाईने आधी तिच्या घरी चार दिवस राहावं.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आज आहे, त्यांच्यासाठी आम्ही गोळा केलेलं थोडं सांगून ठेवते. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्या देशात कायदा नाही. पासपोर्टसाठीही ते बदलावं लागत नाही, आणि लग्नाचा दाखला जोडण्याची अट २०१६ च्या शेवटी निघाली. बदलायचं असेल तर विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आधारमध्ये नाव बदलून मिळतं, पण आधारमधलं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. तेव्हा "बघू, नाही आवडलं तर परत करू" असं करू नये. पॅन आणि आधारवरची नावं जुळली नाहीत तर दोन्ही जोडली जात नाहीत, आणि न जोडलेली पॅन कार्डं जुलै २०२३ पासून निकामी झाली. अर्धे कागद एका नावाने आणि अर्धे दुसऱ्या, हा माझा प्रकार तर करूच नये. परतीचा रस्ताही सोपा नाही. विवाहित स्त्रीला राजपत्रातून माहेरच्या आडनावावर यायचं तर घटस्फोटाचा हुकूम नाहीतर नवऱ्याची ना-हरकत मागितली जाते. या नियमाला २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. जाताना कुणाची हरकत विचारत नाहीत, येताना विचारतात.

लेकीने ठरवलं. नाव आहे तसंच राहणार, मधलं वडिलांचं नावही. धारवाडला शेजारीपाजारी तिला जावयांच्या आडनावाने हाक मारतील, तर ती ओ देणार. मुलांचं काय, ते दोघांनी अजून ठरवलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. विहीणबाईंचा परवा फोन आला होता. तांदळाचं ताट ठेवायचं का, कारण त्यांच्या सासूबाईंची हौस आहे. लेक म्हणाली, ठेवा ना. पण अंगठी मी धरणार आणि माझंच नाव लिहिणार. आजीबाईंना चालतंय म्हणे. पेढे मिळाल्याशी कारण.

मला तिने विचारलं, आई, तू परत घेतेस का तुझं नाव? पेन्शन, बँक, सातशे ठिकाणी सह्या. आता नको, म्हटलं. शिवाय तांदळातल्या त्या नावाने मला चाळीस वर्षं मुलांनी "बाई" म्हणून ओळखलंय. तेही माझंच झालंय.

पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. मराठी प्रूफ बरोबर आलं. कानडी बाजूला छापखान्यातल्या पोराने आपल्याच मनाने मुलीच्या नावापुढे नवरदेवाचं आडनाव लावून टाकलं होतं. मी लाल पेनने खोडून परत पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन, "बाई, मी करून देतो, पण नंतर बदलणार असाल तर सांगा. घराची नेमप्लेटही आम्हीच करतो."

म्हटलं, दोन नावांची कर. ओळ मोठी होईल, पैसे जास्त घे.