लोण्यातलं पाणी आणि कॉबलरचे पदर

अमेरिकेतला कॉबलर बहुतेकांना फळांचा, गोड असाच ठाऊक असतो. तिखटमिठाचा प्रकारही तितकाच झकास. कोंबडीचा किंवा भाज्यांचा दाट रस्सा खोलगट भांड्यात ओतायचा, वर मैद्याच्या सैलसर पिठाचे गोळे सोडायचे आणि भांडं ओव्हनमध्ये. गोळे खालून रश्श्यात शिजतात, वरून खरपूस होतात. घरात एखादा जिन्नस नसला की खरी गंमत सुरू होते, कारण मग प्रत्येक जिन्नस तिथे नेमकं काय करत होता, ते कळतं.

लोणीच घ्या. नाही? मग तूप घालू, असं आपल्याला सहज वाटतं. पण बाजारातल्या बटरमध्ये सुमारे 16 टक्के पाणी असतं. गार बटरचे बारके तुकडे पिठात तसेच राहिले, तर ओव्हनच्या धगीत त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते! तीच पीठ उचलते, पदर सोडवते. तूप कढवताना आपण नेमकं हे पाणी उडवून लावलेलं असतं. म्हणून तुपाचे गोळे करंजीच्या पारीसारखे खुसखुशीत होतात, पण पदर सुटत नाहीत. मला तेही आवडतात, पण तो वेगळा पदार्थ.

पिठात घालतात त्या ताकाचं कामही चवीपुरतं नाही. त्यातलं आम्ल खायच्या सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. अमेरिकेत दुकानात मिळणारं ताक दाट असतं. आपलं पातळ ताक ओतलं तर पीठ वाहून जाईल. त्यापेक्षा दह्यात थोडं दूध फेटा. किंवा कपभर दुधात चमचाभर लिंबाचा रस पिळा. आम्लच नसेल, तर सोडा तसाच उरतो आणि साबणासारखी चव येते.

बेकिंग पावडर तर स्वतःच पर्याय म्हणून जन्मली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1843 मध्ये ती बनवली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. बेकिंग पावडरऐवजी ढोकळ्यासाठी आणलेली इनोची पुडीही चालते, त्यातही सोडा आणि आम्लच असतं. फरक वेळेचा. आजची बहुतेक बेकिंग पावडर थोडा वायू ओव्हनच्या उष्णतेसाठी राखून ठेवते. इनो ओलं होताक्षणी फसफसून मोकळं होतं. तेव्हा ओव्हन आधीच तापवून ठेवा.

मैद्याऐवजी कणीक घेतलीत तर दूध थोडं वाढवा. कोंडा पाणी पितो. पीठ मात्र मळू नका, नुसतं कालवा. आणि पर्याय कुठलेही निवडा, रस्सा उकळता असतानाच गोळे सोडा. गार रश्श्यावर सोडलेल्या गोळ्यांचा तळ कच्चा राहतो.