हिमयुग आणि तांबड्या पाइनचे बी

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या प्रदेशात आढळणारा तांबडा पाइन हा हिमालयातील चिडाच्याच कुळातील सूचिपर्णी वृक्ष होय. अशा वृक्षांचे पराग वाऱ्याने दूरवर जातात. त्यामुळे एकाच रानातील झाडांतही सामान्यतः पुष्कळ आनुवंशिक विविधता असते. तांबडा पाइन मात्र यास ठळक अपवाद आहे. शेकडो मैल अंतरावरील त्याची झाडेही जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ सारखीच असतात.

याचे कारण गतकाळच्या हवामानात सापडते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असता, या प्रदेशावर बर्फाचा प्रचंड थर होता. वृक्ष दक्षिणेकडे हटला व तेथे त्याची थोडीच झाडे तगली, असे अनुमान आहे. दुष्काळात सारे बियाणे संपावे आणि एकाच घरच्या मूठभर ज्वारीवर गावाने पुढील पेरा करावा, तसाच हा प्रकार. बर्फ वितळल्यावर रान पुन्हा उत्तरेस पसरले, झाडे असंख्य झाली. परंतु गमावलेले गुण संख्येबरोबर परत येत नाहीत. नवे गुण फार सावकाश निर्माण होतात, आणि वृक्षाची एक पिढी म्हणजे कित्येक दशके.

विविधता नसली, की एका झाडास मारणारा रोग शेजारच्या झाडासही मारण्याचा संभव वाढतो. म्हणून कोणत्याही वृक्षाच्या लागवडीसाठी बी गोळा करताना एकाच डौलदार झाडाखाली पोते भरू नये. परस्परांपासून दूर असलेल्या अनेक निरोगी झाडांचे बी घेऊन ते एकत्र मिसळावे.