घरच्या संगणकाचे नवे बिऱ्हाड

"जुना झाला, भंगारात द्या आणि नवा घ्या," असा सल्ला आपल्या संगणकाबद्दल आपल्यालाही कोणी दिला असेल. मला तो हिंगोलीच्या बाजारात मिळाला. सल्ला अगदीच निराधार नव्हता. विंडोज १० ची नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि विंडोज ११ माझ्या दहा वर्षांच्या संगणकाला पंक्तीत घेईना. पण मंडळी, यंत्र धडधाकट होते. जुना झाला होता तो त्याचा कारभारी.

कार्यप्रणाली म्हणजे वाड्याचा कारभारी. कोणाला किती स्मृती द्यायची, छपाईयंत्राला निरोप कोणी न्यायचा, हे तो ठरवतो. कारभारी बदलायला वाडा पाडावा लागत नाही. मुक्त कार्यप्रणालीचे वैशिष्ट्य एवढेच, की या कारभाऱ्याच्या वह्या कोणालाही तपासता येतात, सुधारता येतात, दुसऱ्याला देता येतात. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू'चा संकल्प सोडला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा लिहिला. त्या गाभ्याभोवती डेबियन, उबुंटू, मिंट अशी अनेक बिऱ्हाडे थाटली गेली. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची प्रणाली काढली. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची जी लायगो वेधशाळा उभी राहत आहे, तिच्या अमेरिकेतील थोरल्या बहिणींची गणितेही लिनक्सवरच चालतात. तेव्हा फुकट म्हणजे हलके, असे समजू नका.

यातले निवडायचे कोणते? नवख्याने मिंट घ्यावे, असे माझे मत. विंडोजची सवय असलेला हात त्यात लवकर रुळतो. स्मृती चार जीबी किंवा त्याहून कमी असेल, तर त्याचा 'एक्सएफसीई' हा हलका अवतार बरा. याहून जास्त खल करण्यात अर्थ नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. ही प्रणाली आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवता येते. नुसती फाईल ठेवून भागत नाही. रूफस किंवा एचर या साधनाने ती लिहावी लागते. मग संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा कंपनीने नेमलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. प्रणाली तिथूनच चालू होते. आपल्या डिस्कला धक्का लागत नाही. पोरगी दाखवण्याआधी घर पाहून यावे, तसे. वायफाय लागते का, आवाज येतो का, कागद छापला जातो का, कळफलकाच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट घेऊन चार ओळी टंकता येतात का, ते पाहावे.

याच पाहणीत मी दचकलो. वसमतच्या हळदबाजाराच्या आठवणी वडिलांनी सांगितल्या, त्या मी वर्षांपूर्वी टंकून ठेवल्या होत्या. फाईल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा! वडील आता नाहीत. पुन्हा कोण सांगणार? दोष लिनक्सचा नव्हता. जुन्या मराठी टंकांत आतली अक्षरे इंग्रजीच असतात, वर फक्त मराठी मुखवटा. तो टंक नसला की मुखवटा गळतो. मग मी विंडोजमध्येच रूपांतरकाने सारे युनिकोडमध्ये आणले. रफार आणि जोडाक्षरे बिघडली, ती हाताने दुरुस्त केली. त्यात पंधरा दिवस गेले.

ज्यांचा व्यवसायच श्रीलिपीवर चालतो, त्यांनी विंडोज मुळीच पुसू नये. दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवता येतात. पुसायचेच असेल, तर सगळ्या फाईलींची प्रत आधी वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. 'संपूर्ण डिस्क पुसा' या प्रश्नाला घाईने होकार दिला, की गेलेले सहसा परत येत नाही. आणखी एक: लोडशेडिंगची वेळ टाळा, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या.

बसवायला मला अर्धा तास लागला. छपाईयंत्राने मात्र दुपार खाल्ली. संध्याकाळी पहिला कागद निघाला, तो वडिलांच्या आठवणींचा. रफार दोन ठिकाणी चुकलेलेच होते.